पांगाऱ्याचा लाल

"धर तिकडनं," मी शहनाजला म्हटलं. "आण्णांना जरा उचलून दाखवू."

काच टेबलावर पांढऱ्या चादरीवर ठेवलेली होती. दोन हात उंच, हातभर रुंद, त्याच सकाळी भट्टीतून निघालेली. तिच्यावर पांगाऱ्याची एक फांदी होती. पान एकही नाही, नुसती फुलं, आणि फुलं अशी लाल की नजर हलू नये. भुपालआण्णा मगदूम, म्हणजे आमच्या गावच्या कन्या विद्यालयाचे चेअरमन, चष्मा कपाळावर सारून वाकून वाकून बघत होते.

"त्रिशलाबाई, मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "पांगारा जिवंत केलात की वो!"

मी काय, फुशारलेच. गावात माझ्यासारखा हात कुणाचा नाही हे मला माहीतच होतं, ते कुणीतरी चारचौघांत म्हणायचं तेवढं बाकी होतं. शहनाजनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या, आणि आम्ही काच खिडकीपुढं उभी केली.

लाल कुठं गेला कोण जाणे! फुलांच्या जागी फिकट गुलाबी डाग राहिले होते, कुणी कोकम सरबत सांडून फडक्यानं पुसावं तसे. फांदी तर दिसेचना. पलीकडचा विजेचा खांब मात्र काचेतून स्वच्छ दिसत होता, वर बसलेल्या कावळ्यासकट.

आण्णांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, परत कपाळावर नेला. "हे काय झालं हो?"

आम्ही काच परत आडवी केली. लालभडक. परत उभी केली. सरबत. 

"बाई, ही खिडकीत बसवायची आहे," आण्णा हळूच म्हणाले. ते ओरडले असते तर परवडलं असतं. "टेबलावर अंथरायची नाही. उद्घाटनाला पालकमंत्री येणार आहेत. आमचा भाचा म्हणतोय, फ्लेक्सवाल्याकडनं पांगाऱ्याचा फोटो फिल्मवर छापून देतो, काचेवर चिकटवली की काम झालं. मी त्याला छापून ठेवायला सांगतो. तुमचं जमलं तर तुमची काच, नाहीतर ती."

ते गेल्यावर मी स्टुलावर मटकन बसले. फ्लेक्स! वाढदिवसाच्या शुभेच्छा छापतात त्या मशिनवर आमचा पांगारा!

पांगारा आमच्या शाळेच्या आवारात होता. माझ्या आईपासून माझ्यापर्यंत गावातली प्रत्येक मुलगी त्याच्याखाली लगोरी खेळून मोठी झालेली. नवीन सभागृहासाठी तो तोडला तेव्हा बायकांनी कालवा केला, आणि त्यांना गप्प करायला आण्णा म्हणाले, दाराच्या वरच्या खिडकीत पांगाऱ्याचं चित्र लावू. मी भर सभेत उठून म्हटलं, "चित्र मी करणार." माझी ओळख काय, तर पद्माक्का चौगुलेंची लेक. सांगली-मिरज पट्ट्यात कुठल्याही बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, विधानाची पूजा असली की रंगीत पुडीचं मंडल काढायला आक्काला बोलावणं यायचं. लग्न असो, बारसं असो, आक्काची रांगोळी पडल्याशिवाय पाहुण्यांना आत घेत नसत. तिनंच मला शिकवलं. "हात हलका ठेव," एवढं एकच वाक्य तिनं मला माझ्या लहानपणापासून हजार वेळा ऐकवलं असेल. "पूड आपणहून पडली पाहिजे. टाकायची नसते."

पण आक्कानं माझं कौतुक कधी केलं नाही. मी काढलेल्या रांगोळीभोवती फेरी मारायची आणि म्हणायची, "बरी आहे." बक्षीस मिळालं तरी बरी आहे, पेपरात फोटो आला तरी बरी आहे. आणि आता तिचे डोळे चालले होते. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली नस सुकत आलीय, ऑपरेशनचा उपयोग नाही. माणसं तिला सावलीसारखी दिसत. रंग दिसला तर अगदी गडद, तोही धड दिवसाउजेडी. रांगोळी तर तिला दिसायचीच बंद झाली होती. ते थोडकं दिसतंय तोवर आक्कानं माझं एक काम बघावं, बघून "बरी आहे"च्या पुढचा एक शब्द बोलावा, एवढीच माझी इच्छा होती. चेअरमन गेले उडत, मंत्री गेले उडत. मला आक्काच्या डोळ्यांत भरेल असा लाल पाहिजे होता.

काचेच्या नादाला मला शहनाजनं लावलं. शहनाज मुजावर, मिरजेची. वडिलांचं फ्रेम आणि आरशांचं दुकान, ती पुण्याला जाऊन काच वितळवायचं शिकून आली, आणि दुकानामागच्या खोलीत विजेची भट्टी बसवली. साध्या काचेवर रंगीत काचेची पूड पसरायची, भट्टीत घालायची; पूड वितळून काचेशी एकजीव होते. ती पूड पहिल्यांदा चिमटीत घेतली तेव्हाच मी ओळखलं, हे आपलंच काम.

"शहनाज," मी स्टुलावरनंच विचारलं, "तुला माहीत नव्हतं होय, उभी केल्यावर असं होतं?"

"या अल्ला, मला कुठनं माहीत असणार ताई? मी आजवर ताटं केली, ट्रे केले, साबणाच्या वड्या ठेवायला बशा केल्या. ताट कोण उभं धरून बघतंय?"

"आणि मी जन्मभर जमिनीवरच बघत आले."

ती काचेशेजारी उभी राहून कधी चादरीकडं, कधी खिडकीकडं बघत होती. मग तिनं कपाळावर हात मारला. "चादर! ताई, टेबलावर उजेड वरनं आत जातो, पांढऱ्या चादरीला लागतो आणि परत वर येतो. म्हणजे रंगातनं दोनदा जातो. खिडकीत एकदाच, सरळ आरपार. रंग निम्माच दिसणार."

"मग दुप्पट पूड घालू."

"दुप्पट? पूड कच्ची असते तेव्हा ढीग दिसतो, पण निम्मी हवाच असते त्यात. वितळली की बसते. तुमची चिमूट तर आधीच अशी पातळ! भाजल्यावर नुसता पापुद्रा उरतोय."

माझी चिमूट पातळ. हे ऐकून मला राग यावा की अभिमान वाटावा कळेना.

त्या दिवसापासून आम्ही दोघी हट्टाला पेटलो. हाताएवढे काचेचे तुकडे घ्यायचे, पूड पसरायची, भाजायचे, आणि गार झाले की खिडकीच्या कट्ट्यावर उभे करायचे. आडवं बघायला बंदी. शहनाजनं टेबलावरची पांढरी चादर काढून कपाटातच टाकली.

आधी मी एका दमात बोटभर थर दिला. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते. बाहेर आला तो ताक मिसळल्यासारखा पांढुरका, आत बारीक बारीक बुडबुडे. हवा वर यायला वाटच मिळाली नव्हती. मग कळलं, घाई करून भागणार नाही. एक थर द्यायचा, भाजायचा, त्यातली हवा जाऊ द्यायची. त्याच्यावर दुसरा, परत भाजायचा. एका बाजूनं झालं की काच उलटी करून मागच्या बाजूनं. आणि कच्चा रंग बघून काही म्हणजे काही ठरवायचं नाही. ती लाल पूड कच्ची असताना धड नारिंगीसुद्धा दिसत नाही, आचेतच तिचा लाल फुलतो. माझ्यासारख्या बाईचे, जिनं जन्मभर नजरेनं रंग जोखला, इथं डोळे असून हाल झाले.

सगळ्यात आडवा आला तो माझा हात. मनात म्हणायची, आज भरपूर घालायची, आणि बोटं सवयीनं हलकी पडायची. शेवटी शहनाजनं चहाची गाळणी आणून दिली. "ताई, पीठ चाळल्यासारखं चाळा. बोटं लावू नका."

घरी आक्काला हे सांगितलं तर ती केवढ्यानं उसळली!

"गाळणी? पद्माक्काची लेक गाळणीनं रंग भरतीया?"

"आक्का, काचेला जाड लागतो."

"जाड लागतो म्हणं! एवढी वर्षं हात हलका कर म्हणून घसा कोरडा केला मी. दे इकडं."

तिनं माझ्याकडची काचेच्या पुडीची डबी उघडायला लावली आणि चिमूट भरून घेतली. जमिनीवर एक रेघ सोडली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण रेघ अशी सरळ आणि बारीक की बघत राहावं. मग मी त्या पुडीचे थर देऊन भाजलेला तुकडा तिच्यापुढं दारातल्या उजेडात धरला. "आता ह्यात बघ. काय दिसतंय?"

आक्कानं मान इकडं केली, तिकडं केली. "काच आहे," ती म्हणाली.

"रंग?"

"कुठला रंग?"

मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली आणि मळता मळता रडले. मग डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी परत मिरजेला गेले.

थर चढत गेले. मोठी काच भट्टीत जाई, दिवसभर भट्टी तापे, मग झाकण बंद ठेवून सावकाश निवे, दुसऱ्या दिवशी बाहेर येई, आम्ही ती उभी करू, आणि मी गाळणी उचले. उद्घाटन तोंडावर आलं तेव्हा आण्णा परत आले. ह्या वेळी भाचाही बरोबर, काखेत फिल्मची गुंडाळी घेऊन.

काच खिडकीपुढं उभी होती. फुलं लाल दिसत होती. चांगली, रीतसर लाल.

"झालं की!" आण्णा खूश झाले. "आता बास. चालतंय. उद्या न्यायला टेम्पो पाठवतो."

भाचा हिरमुसला. शहनाजच्या जिवात जीव आला; तिनं चहा टाकला. मी मात्र काचेपुढं तशीच उभी. डोळे बारीक केले, अगदी मिटत आणले, आक्काला दिसत असेल तेवढीच फट ठेवली. फुलं विरघळून गेली. खिडकीचा नुसता उजेड राहिला.

"नाही," मी म्हटलं. "अजून दोन्ही बाजूंनी एकेक थर पाहिजे."

चहाचं पातेलं शहनाजच्या हातातनं पडायचं तेवढं राहिलं. "ताई! ही काच किती वेळा भाजली आपण! परत तापवायची म्हणजे तडा जायची भीती. तडकली तर हातात काही राहायचं नाही. दुसरी करायला वेळ कुठाय?"

"माहीत आहे."

"आहो, चेअरमनसाहेब चालतंय म्हणतायत!"

"मला चालत नाही."

आण्णा माझ्याकडं आणि भाच्याच्या काखेतल्या गुंडाळीकडं आळीपाळीनं बघू लागले. "बाई, हट्ट करताय तुम्ही. तडकली तर मी फिल्म लावणार. मग गावात बोलायचं नाही मला."

"लावा," मी म्हटलं. आणि गुंडाळीकडं न बघता गाळणी उचलली.

शहनाज माझ्यावर चिडली होती, तरी काच उलटी करायला तीच पुढं आली. मी दोन्ही थर चाळले, आधी एका बाजूला, ती भाजून निवल्यावर दुसऱ्या. त्या शेवटच्या वेळी माझा हात काही हलका पडला नाही. आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भट्टी निवत होती आणि आण्णांना धीर निघेना. दुपारी येऊन दारातच म्हणाले, "झाकण जरा उचला. एक डोळा घालतो फक्त."

"नाही."

"अहो, बोटभर!"

"बोटभर उचललं तरी गार वारा आत जाईल आणि तडकेल. तुम्ही चेअरमन शाळेचे, भट्टीचे नव्हे."

ते खरंच पुढं झाले तशी मी भट्टीला पाठ लावून उभी राहिले. पदर खोचला. पाठीला ऊब लागत होती. शहनाज मागनं हळूच हसली, ते मला ऐकू आलं. आण्णांनी हात जोडले आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसले.

संध्याकाळी शहनाजनं भट्टीवर हात ठेवून बघितलं आणि मान हलवली. आम्ही झाकण उचललं. तडा नव्हता. पण आत जे होतं ते बघून शहनाजनं तोंडावर हात घेतला.

"काळी पडली!"

खरंच, भट्टीच्या तळावर आडवी पडलेली ती काच काळपट दिसत होती. फुलं म्हणजे करपलेल्या भाकरीचे तुकडे. आण्णा खांद्यावरून डोकावले. "जळली की वो! तरी मी सांगत होतो!" भाच्याला हाक मारायला ते वळलेसुद्धा.

माझं डोकं मात्र त्या वेळी एकदम शांत झालं. एवढे दिवस मी उगाच खिडकीकडं तोंड करून बसले नव्हते. एवढा जाड रंग आणि खाली चादर नाही, उजेड परत वर यायचा कुठनं? "शहनाज, धर तिकडनं," मी म्हटलं.

आम्ही ती उचलली आणि मावळतीकडं उभी केली.

 शहनाजच्या दुपट्ट्यावर, आण्णांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, भाच्याच्या तोंडावर सगळीकडं लाल पडला होता. भाच्यानं गुंडाळी काखेतून काढली आणि भिंतीला टेकवून ठेवली. आण्णा म्हणाले, "टेम्पो आताच बोलावतो."

रातोरात काच दाराच्या वर बसवली म्हणे. मी बघायला थांबले नाही. सकाळी आक्काला न्हाऊ घातलं, तिची हिरवी इरकल नेसवली आणि हात धरून शाळेत नेलं. सभागृहाचं दार पूर्वेला. आत गेल्यावर मी तिला खिडकीकडं वळवलं.

"वर बघ आक्का. दाराच्या वर."

तिनं मान वर केली. सूर्य बरोबर काचेमागं होता. आक्कानं डोळे किलकिले केले, मिटले, परत उघडले. तिच्या डोळ्यांतनं पाणी यायला लागलं, पण ते तिरिपीनं.

"नुसता उजेड आहे गं," ती म्हणाली. "कुठाय तुझं चित्र?"

 एवढं करून, सगळ्यांशी वैर घेऊन, शेवटी नुसता उजेड. तिला खुर्चीवर बसवावं म्हणून मी तिचा दंड धरला. तेवढ्यात आण्णा समोरनं लगबगीनं आले, "या या, पद्माक्का, या!" म्हणत. आक्कानं डोळे पुसत मान खाली घातली.

आणि ती ताठ झाली.

"थांबा!" ती अशी कडाडली की खुर्च्या लावणारी पोरंसुद्धा जागच्या जागी थांबली. "पाय मागं घ्या आण्णा! दिसत नाही होय तुम्हाला? माझ्या लेकीनं काढलंय ते!"

आण्णांनी खाली बघितलं. मीही बघितलं. नव्या पांढऱ्या फरशीवर पांगारा पडला होता, काचेपेक्षा मोठा, भडक लाल, आणि आण्णांचा पाय बरोबर एका फुलावर. शाळेच्या चेअरमननी चटका बसल्यासारखा पाय उचलला.

आक्का माझ्या हाताला धरून खाली बसली. तिनं एका फुलाच्या कडेवर हलकेच बोट फिरवलं. मग पंजा फिरवला. हात डोळ्यांजवळ आणून बघितला, बोटं एकमेकांवर चोळली. त्यांना काहीच लागलं नव्हतं. तिनं परत फरशीकडं बघितलं. फूल तसंच होतं.

"पुसत नाही गं," ती म्हणाली. "त्रिशला, अगं, हे पुसतच नाही!"

आणि हसायला लागली. आक्काला इतकं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

मी खुर्ची आणून दिली ती तिनं फुलांच्या कडेला मांडून घेतली आणि बसली. येणाऱ्या प्रत्येकाला ती हात करून सांगत होती, "बाजूनं जावा. बाजूनं. माझ्या त्रिशलाचं काम आहे." बायका गेल्या, मास्तर गेले, शहनाज आणि तिचे वडील गेले. पालकमंत्री आले तेव्हा आण्णा त्यांच्या कानाला लागले, आणि मंत्रीही बिचारे भिंतीच्या कडेनं, हार गळ्यात सांभाळत, एकेक पाऊल टाकत स्टेजकडं गेले. ऊन सरकत गेलं तशी आक्का खुर्ची सरकवून घेत राहिली.